दूरच्या घराची किल्ली

घोडनदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड, हीं पुणें जिल्ह्यांतलीं दोन गांवें. एखाद्या कुटुंबाचें एक घर शिरुरास व दुसरें दौंडास असावें, आणि दोन्ही घरांतील संगणक लिनक्सवर चालणारे असावेत, हें आज मुळींच नवलाचें नाहीं. शेतीचे हिशेब, जमिनीच्या कागदांच्या प्रती, वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें शिरूरच्या यंत्रांत. पहावयाचीं असतात मात्र दौंडास. यांत दोन निरनिराळे प्रश्न आहेत. फाईल वांटून घ्यावी कशी, हा पहिला. आणि दूरच्या यंत्रांत शिरणारा माणूस घरचाच आहे हें ओळखावें कसें, हा दुसरा. पहिला लवकर सुटला. दुसऱ्यासाठीं जगाला बरीच किंमत मोजावी लागली.

१९८२ सालीं अमेरिकेंत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म १९५५ मध्यें पुण्यासच झालेला. या कंपनीनें १९८४ मध्यें 'नेटवर्क फाईल सिस्टिम' पुढें आणली. दुसऱ्या यंत्रांतील फाईल आपल्याच कपाटांत असल्यासारखी हातीं यावी, ही तिची किमया. परंतु समोरचें यंत्र वापरणाराचा जो क्रमांक सांगेल तो खरा, असें ही पद्धति आरंभीं धरून चाले. एका छपराखालीं हा भोळेपणा खपून गेला. पुढें १९९१ मध्यें हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें लिनक्सचा आरंभ केला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल यानें हातीं घेतलेल्या कामांतून 'सांबा' तयार झाली, आणि विंडोजचीं यंत्रेंही या देवघेवींत सामील झालीं. विद्यापीठांतील सोय अशा रीतीनें सामान्य घरांत आली.

दूरच्या यंत्रांत शिरण्याची जुनी रीत टेलनेटची. तींत परवलीचा शब्द वाटेनें उघडाच जाई. तिजोरीचा आंकडा पोस्टकार्डावर लिहून धाडावा तसा. १९९५ मध्यें हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत असे शब्द चोरले गेले. तेथील संशोधक तातू युलोनेन यानें त्यावर उपाय म्हणून 'एसएसएच' रचली व त्याच वर्षीं जुलैंत ती सर्वांस खुली केली. योगायोग असा कीं, त्याच सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनें भारतांतील सामान्य जनतेस इंटरनेट उपलब्ध करून दिलें.

या पद्धतींत किल्ल्या दोन. एक जाहीर, ती शिरूरच्या यंत्रांत नोंदवून ठेवावयाची. दुसरी गुप्त, ती दौंडचें घर सोडीत नाहीं. दौंडचें यंत्र गुप्त किल्लीनें सही करतें. शिरूरचें यंत्र जाहीर किल्लीनें ती पडताळून पाहतें. गुप्त वस्तु वाटेवर येतच नाहीं. उलट बाजूची खातरजमाही हवी. पहिल्या भेटींत शिरूरचें यंत्र आपला ठसा, म्हणजे अक्षरांची एक ओळ, दाखवितें; ती टेलिफोनवर वाचून ताडून घ्यावी.

वांटणीचें दार हमरस्त्यावर उघडें राहिल्यास काय होतें, हें २०१७ च्या मे महिन्यांत दिसलें. 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्रॅम विंडोजच्या फाईल वांटणाऱ्या भागांतील दोषांतून शिरला, सुमारें १५० देशांत पसरला, आणि इंग्लंडांतील रुग्णालयांचीं कामें खोळंबलीं. म्हणून दोन घरांमध्यें आधीं बंदिस्त बोगदा बांधावा व वांटणी त्याच्या आंतच करावी. मार्च २०२० पासून 'वायरगार्ड' लिनक्सच्या गाभ्यांतच आल्यानें हें काम सुलभ झालें आहे. पुष्कळदां अनेक घरें एकाच सार्वजनिक पत्त्यामागें असतात आणि बाहेरची हांक नेमक्या घरापर्यंत पोहोंचत नाहीं. अशा वेळीं स्थिर पत्त्याचें तिसरें यंत्र मध्यें असावें, व दोन्ही घरांनीं आपण होऊन त्याच्याशीं जोडून घ्यावें. १८७८ मध्यें मनमाडचा लोहमार्ग येऊन मिळाल्यावर दौंड जंक्शननें जें काम केलें, तेंच हें.

जुना संगणक मोडींत देतांना मात्र त्याची जाहीर किल्ली शिरूरच्या यादींतून काढून टाकण्यास विसरूं नये. ज्याच्या हातीं गुप्त किल्ली, तोच यंत्राच्या लेखीं घरचा माणूस.