'बॉम्बे आफ्रिकन' : नाशिकहून पूर्व आफ्रिकेत परतलेल्या मुक्त गुलामांकडे पाहण्याचे दृष्टिकोन (१८६४–१८८९)

प्रस्तावना

स्थलांतराच्या इतिहासात देश सोडून जाणाऱ्यांची चर्चा जितकी होते तितकी परत येणाऱ्यांची होत नाही. परतणारा माणूस 'घरी' आला, म्हणजे त्याची कहाणी संपली, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासण्यास योग्य असे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासाशी निगडित आहे. नाशिक येथील शरणपूर वस्तीत वाढलेले आफ्रिकी तरुण १८६४ पासून टप्प्याटप्प्याने पूर्व आफ्रिकेत परतले. भारतात त्यांना हबशी किंवा सिद्दी म्हणत. आफ्रिकेत मात्र ते 'बॉम्बे आफ्रिकन' अथवा 'नाशिक बॉइज' या नावांनी ओळखले गेले. मायभूमीत पाऊल ठेवताच ज्यांना परक्या शहराचे नाव चिकटले, त्यांच्याकडे तेथील विविध घटकांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शरणपूरची पार्श्वभूमी

हिंदी महासागरातील गुलामांचा व्यापार रोखण्यासाठी ब्रिटिश आरमार अरबी गलबतांची झडती घेत असे. त्यांतून सोडविलेल्या स्त्री-पुरुषांना व मुलांना अनेकदा मुंबई बंदरात उतरविले जाई. यांपैकी काही मुले सरकारने मिशनांच्या स्वाधीन केली. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ १८५४ च्या सुमारास शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसविली होती. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख होते. आजच्या नाशिकमधील शरणपूर रस्त्याचे नाव याच वस्तीवरून आले आहे. येथे आफ्रिकी मुलांना इंग्रजी वाचन-लेखन व धर्मशिक्षण मिळे. त्यासोबत मुलांना सुतारकाम, लोहारकाम व मुलींना शिवणकाम शिकविले जाई. याओ, मकुआ, गाला अशा भिन्न समाजांतून लहानपणीच पळवून आणलेल्या या मुलांना जोडणारा समान धागा आफ्रिकेतील नव्हता; तो शरणपूरने निर्माण केला होता. 'परत पाठविणे' या कल्पनेत ही बाब प्रारंभापासून दुर्लक्षित राहिली.

आप्त आणि प्रमुख यांची दृष्टी : १८६६

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६५ मध्ये नाशिकच्या शाळेला भेट दिली व पुढील वर्षी आपल्या अखेरच्या मोहिमेत तेथील नऊ तरुणांना सोबत घेतले. हे तरुण आपल्या मुलखात स्थायिक होऊन इतरांपुढे आदर्श ठेवतील, अशी अपेक्षा होती. मोहीम मटाका या याओ प्रमुखाच्या गावी पोचली तेव्हा अब्राहम नावाच्या तरुणाने पाहण्यास जमलेल्या गर्दीत आपल्या मामाला ओळखले. त्याची आई व दोन बहिणी त्याच्यामागून अरबांना विकल्या गेल्याचे त्यास येथे समजले. मामाने राहण्याचा आग्रह केला, मटाकाने केला, स्वतः लिव्हिंग्स्टन यांनीही केला. जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहू कसा, हेच त्याचे उत्तर होते. तो तेथे थांबला नाही.

हा प्रसंग लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत नोंदलेला असून तो दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. पहिले असे की, आप्तांनी परतलेल्यास नाकारलेले नाही. नकार परतलेल्याकडून आला, कारण ज्या नात्यांमुळे मुलूख 'घर' ठरतो ती नातीच गुलामगिरीने तोडली होती. दुसरे कारण व्यावहारिक आहे. मटाकाला आपले बैल कामास जुंपावयाचे होते. बैलांच्या शेतीच्या प्रदेशात वाढूनही अब्राहमला ते काम येत नव्हते. तो लोहार होता. परंतु तयार लोखंड नसलेल्या मुलखात खनिजापासून लोखंड गाळता न येणारा लोहार निरुपयोगीच, असे लिव्हिंग्स्टन यांचे मत पडले. या मुलांना साधी शेती शिकविली असती तर बरे झाले असते, असा अभिप्राय त्यांनी नोंदविला. शरणपूरचे शिक्षण अशा कारागिरासाठी होते, ज्याच्याभोवती बाजारपेठ व कच्चा माल उपलब्ध आहे. परतलेल्याचे मूल्य तो काय शिकला यावर ठरत नव्हते. गावाला काय हवे आहे यावर ते ठरत होते.

'विश्वासू सेवक' ही प्रतिमा

१८७२ मध्ये नाशिकचे आणखी काही तरुण लिव्हिंग्स्टन यांच्याकडे गेले. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन यांचा मृत्यू झाल्यावर त्यांचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणण्यात त्यांचा वाटा होता. त्यांतील जेकब वेनराइट याने दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडावर लेख कोरला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेमधील अंत्यविधीत शवपेटीचा मानकरी म्हणून तो उपस्थित होता. रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीने या सोबत्यांसाठी रौप्यपदके काढली. मात्र गौरव झाला तो सेवकाच्या निष्ठेचा. वेनराइटने स्वतःची रोजनिशी लिहिली होती. तो साक्षर निरीक्षक होता, ही बाब त्या गौरवात मागे पडली. तिची मूळ इंग्रजी संहिता २०१९ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाली.

फ्रिअर टाउन : मिशन आणि किनाऱ्यावरील समाज

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर जून १८७३ मध्ये झांझिबारचे सुलतान बरगश यांनी गुलामांच्या समुद्री व्यापारावर बंदी घालणारा करार केला. सोडविलेल्या लोकांसाठी १८७५ मध्ये मोम्बासा बेटासमोरील मुख्य भूमीवर फ्रिअर टाउन ही वस्ती उभी राहिली. तिची उभारणी प्राइस यांनीच केली आणि शंभराहून अधिक 'बॉम्बे आफ्रिकन' तेथे आणले गेले. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर व जॉर्ज डेव्हिड हे त्यापूर्वीच रबाई येथील मिशनच्या कामात रुजले होते.

किनाऱ्यावरील स्वाहिली-अरब समाजात स्वतंत्र कुळात जन्मलेला व गुलाम यांतील भेद प्रतिष्ठेचा पाया होता. इंग्रजी बोलणारे, युरोपीय पोशाख करणारे हे ख्रिस्ती लोक त्या उतरंडीत कोठेच बसत नव्हते. शिवाय मिशनच्या आश्रयाला आपले गुलाम पळून जातात, ही मालकांची तक्रार कायम होती. मिशनची दृष्टीही एकसंध नव्हती. शिक्षक, दुभाषे व कारागीर म्हणून मिशनला त्यांची गरज होती. पण तेच लोक सन्मानाची अपेक्षा करू लागले की उद्धट ठरत. १८८०-८१ मध्ये वस्तीच्या युरोपीय अधीक्षकाने दिलेल्या फटक्यांच्या शिक्षांची चौकशी होऊन प्राइस यांना पुन्हा पाठवावे लागले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेम्लर यांना धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्यांना मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ झाला होता. त्याच वर्षी हॅनिंग्टन यांची बुसोगा येथे हत्या झाल्यावर उरलेला तांडा जोन्स यांनीच रबाईला परत आणला.

रबाईमध्ये जोन्स यांच्या आश्रयाला पळालेले गुलाम, म्हणजे 'वटोरो', मोठ्या संख्येने राहत होते. मालकांच्या रोषामुळे प्रश्न चिघळला, तेव्हा इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे दाखले मिळाले. ज्यांना परत जाण्यास गाव उरले नव्हते, अशांचेच हे नवे गाव होते.

निष्कर्ष

१. परतलेल्यांकडे पाहण्याची दृष्टी एक नव्हती. शासन, संशोधक, मिशन, गावप्रमुख व गुलामांचे मालक यांनी आपापल्या गरजेनुसार त्यांना जोखले.

२. 'मायदेशी परत पाठविणे' ही कल्पना भूगोलावर आधारलेली होती. अब्राहमच्या उदाहरणावरून दिसते की घराचा आधार नाती होता. ती तुटल्यावर केवळ जन्मभूमी पुरेशी ठरली नाही.

३. परदेशी शिक्षणाने प्रतिष्ठा व परकेपण दोन्ही एकाच वेळी दिले.

४. जे रुजले ते जुन्या घरात परतून रुजले नाहीत. स्वतःसारख्याच विस्थापितांना आश्रय देऊन त्यांनी नवे घर उभारले. फ्रिअर टाउनच्या घंटेवरून त्या परिसराला पडलेले 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, हे स्वाहिली नाव आजही रूढ आहे. शरणपूर रस्ता आणि केंगेलेनी ही दोन स्थळनामे म्हणूनच एकाच इतिहासाची दोन टोके ठरतात.