एका हाताचे मोल : रस्ता अपघातातील भरपाईच्या कायद्याचा इतिहास

१) २९ ऑक्टोबर १९८७. पहाटेचे तीन वाजलेले. सातारा जिल्ह्यात पुणे–बंगळूर महामार्गावर, कवठे गावाजवळ, पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा मालट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन एका कुशीवर आडवा झाला. पेट्रोल पाझरू लागले. उजाडताना आसपासचे लोक तेथे जमले. टक्कर होऊन सुमारे चार तास उलटल्यावर टँकरचा स्फोट झाला. अनेक जण भाजले, काही दगावले.

२) मृतांपैकी एका तरुणाच्या आईने भरपाईचा अर्ज केला. रक्कम होती १५ हजार रुपये. तेवढ्यासाठी हा वाद सातारच्या न्यायाधिकरणातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रश्न वरवर पाहता शब्दांचा होता : चार तास निपचित पडून असलेले वाहन ‘वापरात’ होते, असे म्हणता येईल काय? त्याचे उत्तर नीट कळायचे, तर सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागते.

३) १८०८, इंग्लंड. पोर्ट्समथच्या रस्त्यावर घोडागाडी उलटली. वर बसलेल्या एका दांपत्यापैकी नवरा जखमी झाला; बायको महिनाभराने मरण पावली. नवऱ्याने गाडीमालकांवर दावा लावला. लॉर्ड एलेनबरो यांनी निर्णय दिला की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरपाई मागण्याजोगी हानीच नव्हे. त्याच्या स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि पत्नी जिवंत असेपर्यंतच्या काळाबद्दल तेवढे १०० पौंड मिळाले. ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ या नावाने हा खटला ओळखला जातो.

४) याचा अर्थ विलक्षण होता. एखाद्याचा पाय मोडला तर गाडीमालकाने पैसे द्यायचे. तोच माणूस मेला तर त्याच्या विधवेला काहीच द्यायचे नाही! जखमी करण्यापेक्षा जीव घेणे स्वस्त पडावे, अशी ही व्यवस्था. तिच्या शेजारी ‘डिओडँड’ नावाची एक मध्ययुगीन प्रथाही नांदत होती. ज्या वस्तूमुळे मृत्यू झाला ती वस्तू किंवा तिचे मोल राजाकडे जमा व्हायचे. १८४१ साली सॉनिंग येथे आगगाडीला अपघात झाला, तेव्हा ज्यूरीने गाडीवर १,००० पौंडांचा डिओडँड बसवला होता.

५) रेल्वेने मृत्यूंची संख्या वाढवली, तेव्हा जुनी चौकट टिकेना. १८४६ साली ब्रिटिश संसदेने दोन कायदे केले. एकाने डिओडँड रद्द झाला. दुसऱ्याने, म्हणजे लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने, मृताच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क दिला. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली धावली आणि दोनच वर्षांत, १८५५ साली, हिंदुस्थानातही ‘प्राणांतिक अपघात कायदा’ आला. पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दावा लावण्याची सोय त्यात होती.

६) हक्क मिळाला, पण वाट बिकट होती. दिवाणी दावा लावायचा, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची, समोरच्याचा निष्काळजीपणा साक्षीपुराव्याने सिद्ध करायचा आणि वर्षानुवर्षे तारखा मोजायच्या. एवढे करून हुकूमनामा हाती आला, तरी ड्रायव्हर कफल्लक आणि मालक फरार असे घडू शके. कागदावर जिंकलेला दावा घरी चूल पेटवू शकत नव्हता.

७) त्यावरचा उतारा होता विमा. ब्रिटनने १९३० साली वाहनांसाठी त्रयस्थ व्यक्तींचा, म्हणजे थर्ड पार्टी, विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यात तशीच तरतूद झाली. मात्र तिचा अंमल सुरू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. या विम्याची कल्पना नीट समजून घ्यावी. तो गाडीसाठी नसतो, मालकासाठीही नसतो. रस्त्यावरून चाललेल्या, मालकाला कधीही न भेटलेल्या अनोळखी माणसासाठी तो असतो.

८) पुढचे पाऊल १९५६च्या दुरुस्तीचे. तिच्यामुळे ‘मोटार अपघात दावा न्यायाधिकरण’ स्थापन करण्याची सोय झाली. दिवाणी दाव्याऐवजी साधा अर्ज पुरेसा ठरू लागला. परंतु मुदत होती अवघ्या ६० दिवसांची. हाडे जुळायलाच ज्याला तीन महिने लागायचे, त्याने साठ दिवसांत कागद गोळा करायचे! उशिराचे सबळ कारण दाखवले तर सवलत होती, तरीही १९६९ साली मुदत सहा महिने करावी लागली.

९) न्यायाधिकरण नवे असले तरी जुना प्रश्न शिल्लक होता : चूक कोणाची, हे सिद्ध केलेच पाहिजे काय? मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले की, नव्या व्यवस्थेत निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य केले. कायदे मंडळाने स्पष्ट शब्दांत तसे सांगितलेले नाही, तोवर दोष सिद्ध करणे भागच आहे, असा त्याचा आशय होता. बेशुद्ध होऊन पडलेल्या माणसानेच समोरच्या वाहनाची चूक दाखवायची, हा पेच तसाच राहिला.

१०) याच काळात न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर यांनी निकालांमागून निकालांत या पेचावर बोट ठेवले. १९७९ साली हरियाणातील एका प्रकरणात, एसटी बसखाली कर्ता पुरुष गमावलेल्या गरीब विधवेला कोर्ट फी माफ करण्याविरुद्ध खुद्द राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात आले होते. न्यायालयाने सरकारची कानउघाडणी केली. १९८०च्या दुसऱ्या निकालात त्यांनी सांगितले की, फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला म्हणून भरपाईचा अर्ज फेटाळता येत नाही. तांत्रिक शंकाकुशंकांच्या आडून मालकाने आणि विमा कंपनीने निसटता कामा नये.

११) अखेर कायदा बदलला. १ ऑक्टोबर १९८२पासून ‘दोषविरहित दायित्व’ आले. मृत्यू झाल्यास १५,००० आणि कायमचे अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये, चूक कोणाची हे न विचारता द्यायचे. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनांच्या बळींसाठीही निधी उभारला गेला. त्यातून मृत्यूसाठी ५,००० आणि गंभीर दुखापतीसाठी १,००० रुपये ठरले. रकमा तुटपुंज्या होत्या, पण तत्त्व मोठे होते. ‘दोषी कोण?’ या प्रश्नाआधी ‘जखमीचे काय?’ हा प्रश्न कायद्याने प्रथमच विचारला.

१२) आता पुन्हा कवठ्याला येऊ. त्या आईने मागितलेले १५ हजार म्हणजे हीच रक्कम. बचाव असा होता की टक्कर निराळी, स्फोट निराळा, आणि आडवा पडलेला टँकर ‘वापरात’ नव्हता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ‘वापर’ म्हणजे केवळ चाके फिरणे नव्हे. थांबलेले, बिघडलेले वाहनही त्यात येते. टक्कर झाली म्हणून पेट्रोल गळले, पेट्रोल गळले म्हणून आग लागली. ही साखळी अतूट आहे. साताऱ्याच्या एका गावाशेजारी घडलेल्या घटनेतून निघालेला हा अर्थ पुढे देशभर आधार म्हणून घेतला जाऊ लागला.

१३) दरम्यान १९८८चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला होता. १९९४च्या दुरुस्तीने त्यात दोन महत्त्वाचे बदल केले. एक, अर्ज करण्याची मुदतच काढून टाकली. दोन, अपघाताच्या ठिकाणीच नव्हे, तर अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणातही अर्ज करता येऊ लागला. परमुलखात ट्रक घेऊन गेलेल्या ड्रायव्हरच्या कुटुंबासाठी याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

१४) मग येतो सर्वांत अवघड प्रश्न : किती? १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘गुणक’ पद्धतीवर शिक्कामोर्तब केले. वार्षिक नुकसान काढायचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. त्याच वर्षी कायद्यात एक तक्ताही जोडला गेला. त्यात आकडेमोडीच्याच चुका होत्या, हे न्यायालयाला १९९६ साली दाखवून द्यावे लागले. २००९ साली न्यायालयाने गुणकांचा नेटका तक्ता दिला : पंचविशीपर्यंत १८, पुढे वयाबरोबर उतरत पासष्टीनंतर ५. २०१७ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भविष्यातील उत्पन्नवाढही हिशेबात धरण्याचे प्रमाण ठरवून दिले.

१५) जखमींच्या बाबतीत २०१०च्या दशकाच्या उंबरठ्यावर आलेला एक निकाल मूलगामी आहे. डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी सांगतात ती शरीराची. न्यायाधिकरणाने मोजायची ती कमाईची. समजा, तीस वर्षांच्या दोघांचा डावा हात तुटला आणि प्रमाणपत्रात अपंगत्व ६० टक्के आले. दोघांची कमाई महिना १५,००० रुपये. एक सरकारी कारकून आहे; त्याची नोकरी बहुधा टिकेल. दुसरा सुतार आहे. त्याचा धंदाच गेला. ६० टक्क्यांनी मोजले तर १,८०,००० च्या ६० टक्क्यांना १७ ने गुणून सुताराला १८,३६,००० मिळतील. कमाईची हानी १०० टक्के धरली तर ३०,६०,०००. सव्वाबारा लाखांच्या आसपासचा हा फरक म्हणजे एका माणसाच्या हातातील कसब. कारकुनाला मात्र कमाईच्या हानीपोटी फारच थोडे मिळेल. त्याची भरपाई मुख्यतः वेदना, उपचार आणि हरवलेल्या सुखांची.

१६) या गणिताची काळी बाजूही पाहिली पाहिजे. भरपाई कमाईला बांधली की, ज्याची कमाई कमी त्याचा हात स्वस्त ठरतो. ज्याची कमाई कागदावर नाही, त्याची तर पंचाईतच. १९९४च्या तक्त्यात बिनकमाईच्या व्यक्तीचे मानीव उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले होते, आणि गृहिणीचे पतीच्या कमाईच्या एक तृतीयांश. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईच्या कष्टांची ही मोजणी सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली खटकली आणि त्याने कायदा सुधारण्याची गरज बोलून दाखवली. तो तक्ता मात्र २०१८पर्यंत तसाच राहिला.

१७) पैशाआधी जीव वाचायला हवा, हेही कायद्याला उशिरानेच सुचले. एका स्कूटरस्वाराला मोटारीने ठोकरले. जवळच्या रुग्णालयाने त्याला न घेता सुमारे वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले आणि वाटेतच त्याचा प्राण गेला. या बातमीवरून गेलेल्या याचिकेत, १९८९ साली, सर्वोच्च न्यायालयाने बजावले की आधी उपचार, नंतर पोलिसी सोपस्कार. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, मे २०२५मध्ये, अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना देशभर लागू झाली.

१८) २०१९ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२पासून या क्षेत्रात अमलात आली. दोष न विचारता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. पण त्याच दुरुस्तीने १९९४ साली गेलेली सहा महिन्यांची मुदत परत आणली, आणि या वेळी कलमात विलंबमाफीची सोयही ठेवली नाही. पोलिसांनी पाठवलेला अपघात अहवाल हाच अर्ज मानावा, अशी तरतूद आहे खरी. पण तो अहवाल वेळेवर गेला तर. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

१९) दोनशे वर्षांचा हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. १८०८ साली मृत्यूला मोलच नव्हते. मग हक्क आला, पण पुरावा आडवा आला. पुराव्याचे ओझे हलके झाले, तेव्हा रक्कम अपुरी पडली. रक्कम वाढली, तर मुदत परतली. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता : अपघाताचा भार कोणी उचलायचा? ज्याच्यावर तो कोसळला त्याने एकट्याने, की रस्ता वापरणाऱ्या सर्वांनी मिळून?

२०) विम्याचा हप्ता भरताना आपण सर्व जण या प्रश्नाचे उत्तर नकळत देत असतो. तो हप्ता चुकवणारा केवळ दंडाचा धोका पत्करत नाही. उद्या त्याच्या चाकासमोर येणाऱ्या अनोळखी माणसाला तो १८०८ सालात ढकलत असतो. कवठ्याच्या त्या आईने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवलेले १५ हजार रुपये आज किरकोळ वाटतात. तिच्यामुळे कायद्यात पडलेली भर मात्र किरकोळ नाही. महामार्गावरून जाताना कवठ्याची पाटी दिसली, तर क्षणभर आठवण ठेवा.