तीन पेन्सांचा प्राप्तिकर आणि ग्रिनिचचे वचन

इंग्लंडचे पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन यांच्या रोजनिशीतील रविवार, १८ जानेवारी १८७४ ची नोंद अगदी थोडक्यात आहे. पार्लमेंट विसर्जित करण्याचा विचार आज मनात आला. सहकारी ब्राइट यांना तो सांगितला. रात्री जेवणाच्या वेळी ग्रॅनव्हिल आणि वुल्व्हर्टन यांच्याही कानावर घातला आणि सर्वांना तो पसंत पडलेला दिसला. पुढच्या वाक्यांचा आशय असा: हा विचार आधी सुचला तो एका अडचणीतून सुटण्याची वाट म्हणून, पण विचारांती मुळातच हा उत्तम मार्ग आहे असे दिसून आले.

अडचण कोणती, हे त्यांनी लिहिलेले नाही.

सहा दिवसांनी, शनिवारी २४ जानेवारीला, ग्रिनिचच्या मतदारांना उद्देशून लिहिलेला त्यांचा जाहीरनामा वर्तमानपत्रांत झळकला. अधिवेशन ५ फेब्रुवारीला सुरू होणार म्हणून तयारी चाललेली आणि एकाएकी निवडणूक! जाहीरनाम्यात प्राप्तिकर समूळ रद्द करण्याचे वचन होते. मतदान तोंडावर असताना पंतप्रधानाच्या सहीने दिलेले करमुक्तीचे हे आश्वासन आजच्या वाचकाला फार ओळखीचे वाटेल. म्हणूनच पहिला प्रश्न पडतो तो असा, की हे वचन निवडणुकीसाठी तयार केले, की वचन आधीचे आणि निवडणूक मागाहूनची?

याचे उत्तर निश्चित देता येते, आणि तेही त्याच रोजनिशीवरून. ऑगस्ट १८७३ मध्ये ग्लॅडस्टन यांनी रॉबर्ट लो यांच्याकडचे अर्थखाते स्वतःकडे घेतले. ११ ऑगस्टची नोंद सांगते, की ते युद्धखात्यात जाऊन कार्डवेल यांना भेटले आणि पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पाचा बेत अत्यंत गुप्तपणे त्यांना सांगितला. प्राप्तिकर रद्द, साखरेवरची जकातही रद्द आणि तुटीची काही भरपाई मद्यावरील व वारसाहक्कावरील करांतून, असा तो बेत होता. म्हणजे जाहीरनाम्याच्या पाच महिने आधी हे वचन अर्थसंकल्पाच्या रूपात ठरलेले होते, आणि तेव्हा निवडणुकीचा मागमूसही नव्हता.

हे गुपित कळलेला माणूस युद्धमंत्री होता, हा धागा सोडू नये. जाहीरनाम्यात ५० लाख पौंडांहून थोड्या अधिक शिलकीची अपेक्षा सांगितली आहे, आणि नुसत्या प्राप्तिकराचेच उत्पन्न ५० ते ६० लाखांच्या घरात होते. त्यात साखरेची जकात गेली, तर मद्य आणि वारसा यांच्या करांनीही मेळ बसणे कठीण. उरलेला पैसा खर्चकपातीतूनच यायला हवा होता, आणि कपातीला जागा होती ती लष्कर व आरमार या दोनच मोठ्या खात्यांत.

आता दुसरा साक्षीदार. लॉर्ड सेल्बोर्न हे त्या मंत्रिमंडळातले लॉर्ड चान्सलर, म्हणजे कायद्याचे सर्वोच्च अधिकारी. १८९८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी विसर्जनाचे कारण वेगळेच दिले आहे. त्या काळी मंत्रिपद स्वीकारणाऱ्या सदस्याला आपली जागा सोडून पुन्हा निवडून यावे लागे. एका पदावरून दुसऱ्या पदावर जाणाऱ्याला १८६७ च्या कायद्याने यातून सूट दिली होती. परंतु ग्लॅडस्टन यांनी पंतप्रधानपद न सोडता अर्थखाते वरून घेतले होते. मग त्यांची ग्रिनिचची जागा रिकामी झाली की नाही? कायदेपंडितांत एकमत नव्हते. अधिवेशन भरताच विरोधक हा मुद्दा उपस्थित करणार, हे उघड होते. सेल्बोर्न यांच्या मते हीच ती अडचण.

१९०३ मध्ये ग्लॅडस्टन यांचे तीन खंडांचे चरित्र लिहिणाऱ्या जॉन मॉर्ले यांना हे पटले नाही. त्यांचा कल खर्चाच्या वादाकडे आहे. कार्डवेल आणि आरमारमंत्री गोशेन हे दोघे कपातीला तयार नव्हते, आणि ते बधले नाहीत तर ऑगस्टमधला बेत कोसळणार होता.

दोन्ही साक्षी तोलताना एक गोष्ट ध्यानात येते. दोन्ही अडचणींची मुदत एकच होती. जागेचा प्रश्न ५ फेब्रुवारीला निघणार होता आणि खात्यांचे अंदाजही त्याच सुमारास पक्के व्हायला हवे होते. त्यामुळे केवळ तारखांवरून निवाडा होत नाही. माझा कल मॉर्ले यांच्याकडे आहे आणि त्याचे कारण जाहीरनाम्यातच सापडते. प्राप्तिकर रद्द करण्यासाठी इतर करांत फेरफार आणि काटकसर करावी लागेल, असे तो मतदारांना सांगतो, मात्र कोणत्या करांत ते उघड करत नाही. मतदारांनी काटकसरीचा कौल दिला असता, तर दोन हट्टी सहकाऱ्यांना नमवायला ग्लॅडस्टन यांना दुसरे साधन लागले नसते. तरी हा तर्कच आहे. सेल्बोर्न आतले गृहस्थ होते. त्यांची साक्ष मी खोटी म्हणणार नाही.

वचनाचा लाभ कोणाला होणार होता, याचा हिशेब मात्र चोख करता येतो. १८७३-७४ चा दर पौंडाला तीन पेन्स, म्हणजे शेकडा सव्वा. १०० पौंडांखालच्या मिळकतीला कर नव्हता आणि लो यांच्या १८७२ च्या अर्थसंकल्पापासून ३०० पौंडांखालच्या मिळकतीत ८० पौंडांची वजावट मिळे. वर्षाला १५० पौंड कमावणाऱ्या कारकुनाचे करपात्र उत्पन्न ७० पौंड आणि कर २१० पेन्स, म्हणजे साडेसतरा शिलिंग. दहा हजार पौंडवाल्याचा कर १२५ पौंड. आणि १८६७ च्या सुधारणेने शहरांत ज्यांना नव्याने मत मिळाले, त्या कामगार कुटुंबप्रमुखांपैकी बहुतेकांची मिळकत १०० पौंडांपर्यंत पोचतच नव्हती. त्यांना प्राप्तिकर आज गेला काय नि उद्या गेला काय! त्यांच्या घरात पोचणारी सवलत होती ती साखरेची.

आपल्याकडचा प्राप्तिकर १८७३ मध्येच, लॉर्ड नॉर्थब्रूक यांच्या कारकीर्दीत, बंद झाला होता. येथे तो व्हाइसरॉयच्या निर्णयाने गेला आणि १८८६ मध्ये तशाच निर्णयाने परत आला. मत मागायला कोणाच्या दारी जावे लागले नाही.

ग्लॅडस्टन यांचे हे असे पहिलेच वचन नव्हते. १८५३ च्या अर्थसंकल्पात त्यांनी सात पेन्सांवरून सहा, सहावरून पाच असे उतरत १८६० मध्ये प्राप्तिकर संपवण्याचे वेळापत्रकच मांडले होते. पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध आले आणि दर दुप्पट झाला. त्या माणसाने वीस वर्षांनी तोच संकल्प पुन्हा हाती धरला, यात मला मतांच्या हिशेबापेक्षा जुनी सल अधिक दिसते.

हुजूर पक्षाचे नेते डिझरायली यांचे उत्तर दोनच दिवसांत आले. बकिंगहॅमशायरच्या मतदारांना त्यांनी कळवले, की प्राप्तिकर जावा ही तर हुजूर पक्षाची जुनीच भूमिका आहे. त्यामुळे करमुक्तीच्या प्रश्नावर मतदाराला निवड करण्याजोगे फारसे काही उरले नाही. निकालात हुजूर पक्षाला सुमारे ३५० जागा आणि स्पष्ट बहुमत मिळाले. ग्रिनिचच्या दोन जागांपैकी पहिली मद्याच्या भट्टीचे मालक असलेल्या हुजूर उमेदवाराला मिळाली आणि पंतप्रधान दुसरे आले. ६ फेब्रुवारीच्या पत्रात ग्लॅडस्टन यांनी भाऊ रॉबर्टसन यांना पराभवाचे कारण कळवले, ते जिन आणि बिअर. रोख १८७२ च्या मद्यपरवाना कायद्यावर चिडलेल्या दारूवाल्यांकडे होता. त्या पत्रात प्राप्तिकराला दोष नाही. पण हे हरलेल्या माणसाचे खाजगी पत्र आहे, मतदारांची साक्ष नव्हे.

मतदारांची साक्ष मिळाली असती, तर हा शोध किती पुढे गेला असता! १८६८ पर्यंत मतदान उघड होत असे. कोणी कोणाला मत दिले याच्या नावनिशीवार वह्या तयार होत आणि अनेक ठिकाणच्या छापूनही निघत. त्या वह्या धंद्यांच्या याद्यांशी पडताळून कारकून कुठे झुकले, दुकानदार कुठे झुकले, हे सांगता आले असते. परंतु १८७२ च्या कायद्याने मतदान गुप्त झाले आणि १८७४ ची सार्वत्रिक निवडणूक ही त्या पद्धतीने झालेली पहिलीच. साडेसतरा शिलिंगांच्या आशेने कोणी ग्लॅडस्टन यांना मत दिले का, हे सांगणारी वही तयारच झाली नाही.

१७ फेब्रुवारीला ग्लॅडस्टन यांनी राजीनामा दिला. १६ एप्रिलला अर्थसंकल्प मांडला तो नवे अर्थमंत्री सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी. तरुणपणी ते ग्लॅडस्टन यांचेच खाजगी चिटणीस होते. शिल्लक खरोखरच ५० लाखांच्या पुढे निघाली. तेव्हा जाहीरनाम्यातला आकडा फुगवलेला नव्हता, हे सिद्ध आहे. नॉर्थकोट यांनी साखरेची जकात पूर्ण काढून टाकली आणि प्राप्तिकर तीन पेन्सांवरून दोनवर आणला. याखाली तो इंग्लंडात पुन्हा कधीच आला नाही. १८७६ मध्ये नॉर्थकोट यांनीच दर परत तीन पेन्स केला, आणि त्याच अर्थसंकल्पात करमाफीची मर्यादा १०० वरून १५० पौंडांवर नेली. आपल्या त्या कारकुनाहून थोडे कमी कमावणारा माणूस त्या वर्षी करातून सुटला.