पेशीच्या पडद्याचा राखणदार

बदलापूरजवळील खरवईंत काय किंवा मुंबई शहरांत काय, करडईचें तेल उघडें राहिलें कीं कालांतरानें तें खवट होतें, हा गृहिणींचा नित्याचा अनुभव आहे. हवेंतील प्राणवायूचा तेलांतील स्निग्धाम्लांशीं संयोग होतो, त्याचा हा परिणाम. मनुष्यदेहांतहि हीच क्रिया घडूं शकते. कारण प्रत्येक पेशीभोंवतालच्या पातळ पडद्यांत स्निग्ध द्रव्यच मुख्य असतें. त्या पडद्याचें रक्षण ई जीवनसत्त्व करतें, हें उमगण्यास मात्र शास्त्रज्ञांस जवळजवळ अर्धें शतक लागलें.

१९२२ सालीं कॅलिफोर्नियांत हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांस असें आढळलें कीं, ठराविक शुद्ध आहारावर पोसलेल्या उंदरांच्या माद्या धडधाकट दिसत, परंतु त्यांचे गर्भ उदरांतच जिरून जात. हिरवा पाला व गव्हाचा अंकुर यांनीं हा दोष दूर होई. १९३६ सालीं त्या अंकुराच्या तेलांतून हें द्रव्य शुद्ध रूपांत मिळालें. संततीशीं असलेल्या संबंधावरून त्यास 'टोकोफेरॉल' असें ग्रीक वळणाचें नांव पडलें.

दरम्यान १९२५ सालीं हॉलंडांत गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य पाण्यावर पसरून मोजलें. तें पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलें. अर्थात् पडदा दुपदरी असला पाहिजे!

पुढें या दोन्ही वाटा एकत्र आल्या. ई जीवनसत्त्वावांचून वाढलेल्या उंदरांच्या रक्तपेशी लवकर फुटतात, असें १९४९ सालीं ग्यॉर्गी व रोझ यांनीं दाखविलें. १९६७ सालीं अमेरिकेंत ऑस्की व बार्नेस यांस अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतहि तोच प्रकार दिसला. ज्यास केवळ गर्भाचें जीवनसत्त्व म्हणत, त्याच्या उणिवेनें जन्मलेल्या बाळाचें रक्तहि नासत होतें.

पडद्यांतील स्निग्धाम्लें बिघडलीं कीं पडदा पाझरूं लागतो. गॅमा किरणांनींहि असें घडतें, हें मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील प्रयोगांत दिसून आलें. टोकोफेरॉल स्वतःचा हायड्रोजन अणु देऊन बिघाडाची ही सांखळी तोडतें. शिवाय त्याची लांब शेपटी स्निग्धाम्लांत गुंतून पडद्यास घट्टपणा आणते, असें अनुमान १९७३ सालीं डिप्लॉक व लूसी यांनीं मांडलें. १९७७ सालीं कृत्रिम पडद्यांच्या सूक्ष्म फुग्यांत टोकोफेरॉल मिसळतांच त्यांतून ग्लुकोज कमी झिरपूं लागलें.

म्हणून कोणी औषधाच्या गोळ्यांमागें लागावें असें नाहीं. अतिसेवनानें रक्तस्रावाचा धोका वाढतो. करडईच्या तेलांत हें द्रव्य निसर्गानेंच घातलें आहे. बरणींतील तेलास खवटपणापासून जपणारें द्रव्यच पोटांत गेल्यावर पेशींचा पडदा राखतें.