संगीत नाटकांचा लांबलेला मुक्काम



बेगडेवाडीत संगीत नाटकावर व्याख्यान कशाला, असं कुणी विचारील. आम्ही म्हणू, इथेच व्हायला हवं. भोर घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि पुणे-मुंबई सलग जोडलं गेलं. पुढच्या काळात नाटक कंपन्यांचे पडदे, पेट्या, तबले आणि भरजरी शालू घेऊन गाड्या धावल्या त्या तुमच्या दारावरूनच. मराठी संगीत नाटक मावळात फारसं थांबलं नसेल, पण मावळातून गेलं मात्र नक्की.

आजचा विषय आपल्या रसिक मंडळींच्या नेहमीच्या भांडणाचा आहे. 'सौभद्र', 'मानापमान', 'एकच प्याला' यांचे प्रयोग अजून किती वर्षं करायचे? एक पक्ष म्हणतो, पुरे झालं, शंभर-सव्वाशे वर्षं झाली, आता नव्यांना जागा द्या. दुसरा पक्ष म्हणतो, ही आमची दैवतं आहेत, हात लावाल तर खबरदार. दोन्ही पक्षांचं बोलणं आम्ही अनेक वर्षं ऐकत आलो. हे भांडण सोडवायचं तर आधी इतिहास पाहायला हवा, असं आम्हाला वाटतं. कारण 'फार लांबलं' ही तक्रार आजची नाहीच.

मुळापासून सुरुवात करू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. त्यात पदं किती? पूर्ण नाटकाची धरली तर दोनशेच्या वर! दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, 'सौभद्र' आलं. त्यातही शंभराहून अधिक पदं. आज तीन तासांच्या नाटकात वीस-पंचवीस पदं झाली तर आपण म्हणतो, वा, भरपूर गाणी झाली. मग तेव्हा लोक एवढं ऐकत कसे? त्याचं उत्तर साधं आहे. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. गाडी जुंपून आलेला प्रेक्षक उजाडल्याशिवाय घरी परतणार नव्हताच. तिकिटाचे पैसे मोजून त्यानं एक अख्खी रात्र विकत घेतलेली असे. वर 'वन्समोर' होताच. आवडलेलं पद तो तीनदा, चारदा म्हणायला लावी. म्हणजे नाटकाची लांबी नाटककारानं ठरवली तेवढीच ती प्रेक्षकानंही ठरवली होती.

ही रात्र पुढे आखडत गेली. गावाचं शहर झालं, सकाळी कचेरीचा भोंगा वाजू लागला, १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि गाणं दोन-अडीच तासांत स्वस्तात मिळू लागलं. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' केलं. घरगुती वाटणारं नेपथ्य, मोजकी गाणी, स्त्रियांच्या भूमिकेत स्त्रिया. तो एक प्रकारचा जाहीरनामाच होता, की जुन्या नाटकांचा मुक्काम संपला. आज ज्याला आपण नवा आक्षेप समजतो, तो नव्वद वर्षांपूर्वीचा आहे. गंमत पाहा, आक्षेप घेणारं नाटक आता अभ्यासक्रमात उरलं, आणि ज्यांच्यावर आक्षेप होता त्यांचे प्रयोग अजून लागतात.

इथे परदेशाकडे एकदा नजर टाकू. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द फँटम ऑफ द ऑपेरा' हे संगीत नाटक १९८८ च्या जानेवारीत सुरू झालं आणि १६ एप्रिल २०२३ ला बंद झालं. एकाच नाट्यगृहात १३,९८१ प्रयोग! तिथेही रसिक वाद घालतात, की अमुक नाटक दहा वर्षांपूर्वीच उतरवायला हवं होतं. पण तिथला प्रश्न आणि आपला प्रश्न एक नव्हे. तिथे एकच निर्मिती एका थिएटरात रोज ठाण मांडून बसते. खर्च निघेना झाला की मालक तारीख जाहीर करतो आणि दिवा मालवतो. आपल्याकडे 'सौभद्र' कधी बंद झालं असं तारीख दाखवून सांगता येत नाही. किर्लोस्करांनी ते केलं, गंधर्व मंडळींनी केलं, जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या 'मराठी रंगभूमी'नं केलं, गोव्याच्या गावोगावी देवळाच्या उत्सवात हौशी मंडळींनी केलं. मालक एक नाही, म्हणून बंद करणाराही कुणी नाही. आपली नाटकं मुक्काम ठोकून बसत नाहीत, ती पुन्हा पुन्हा येतात.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला गप्प बसवत नाही, तेव्हा एक प्रश्न. पुन्हा येतं ते तेच नाटक असतं का? तुमच्या या गावाजवळ शेलारवाडीच्या डोंगरात घोरावडेश्वराची बौद्ध लेणी आहेत. त्या परंपरेतल्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला दिव्याचा दृष्टांत देतो. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच का? तीच नाही, आणि अगदी वेगळीही नाही. एकीच्या आधारानं दुसरी पेटत गेली. आम्हाला रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकासाठी याहून नेमका दृष्टांत सुचत नाही. शंभर पदांचं 'सौभद्र' आणि पंचवीस पदांचं 'सौभद्र' यांचं नातं असंच आहे. कात्री लावली म्हणून नाटक मेलं असं म्हणणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं, की कात्री लागली नसती तर ते आपल्यापर्यंत आलंच नसतं.

पण मग ज्योत विझते कधी? आमचं उत्तर असं: नाटकातली गोष्ट कुणालाच लागू होईनाशी झाली आणि फक्त सवय उरली, की विझते. प्रयोगांचा आकडा आणि नाटकाचं वय हे त्याचे पुरावे नव्हेत. या कसोटीवर तीन नाटकं घासून पाहू.

पहिलं 'मानापमान'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, १९११ चं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं. श्रीमंत भामिनी, गरीब पण शूर धैर्यधर, आणि पैसा मोठा की पराक्रम हा प्रश्न. ८ जुलै १९२१ ला मुंबईत या नाटकाचा प्रसिद्ध संयुक्त प्रयोग झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्री शंभर-शंभर रुपये मोजून आलेला प्रेक्षक पुढे काय घडतं ते पाहायला आला नव्हता. नाटक दहा वर्षांचं झालं होतं, गोष्ट पाठ होती. तो दोन गळे ऐकायला आला होता. म्हणजे गोष्ट मागे पडून गाणं पुढे येण्याची क्रिया तेव्हाच सुरू झाली होती. आज तर अनेक ठिकाणी गद्य प्रवेश म्हणजे दोन पदांमधली विश्रांती होते. आमचं मत विचाराल तर 'मानापमान'ची मैफल खुशाल करा, उत्तम करा. पण नाटक म्हणून करायचं असेल तर पैसा आणि मान यांचा जो सौदा आजही लग्नाच्या बैठकीत होतो, तो प्रेक्षकाला दिसला पाहिजे. तो दाखवायचा नसेल तर नाटकाचा वेश कशाला?

दुसरं 'शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ चं. पैशाच्या लोभानं बाप कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, हरविलास सारडांनी आणलेला. मराठीत त्याचं 'शारदा कायदा' झालं, आणि नाटकाच्या नावावरूनच कायद्याला नाव पडलं असा पुष्कळांचा समज झाला. आता पुरोगामी मित्र म्हणतात, कायदा होऊन शतक होत आलं, या नाटकाचं काम संपलं. संपलं का? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दर पाच जणींत एक! आपल्याच राज्यातलं हे आहे. आणखी एक गोष्ट पाहा. देवलांच्या नाटकात लग्न मोडतं ते वर-वधू सगोत्र निघाल्यामुळे. मुलीच्या मनाविरुद्ध आहे, अन्याय आहे, एवढं कारण त्या मांडवात पुरलं नसतं, हे देवलांना ठाऊक होतं. आज पुरतं का? या प्रश्नाचं उत्तर ठामपणे 'हो' येईपर्यंत 'शारदा'ला उठून जा म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तिसरं, आणि सर्वांत अवघड, 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि पुढच्याच महिन्यात हे नाटक गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणलं. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. दारूपायी सुधाकराचं घर उद्ध्वस्त होतं. सिंधू दळण दळते, मार खाते, आणि मरताना नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. त्या काळच्या प्रेक्षकानं यावर डोळे पुसले. आजची मुलगी मात्र विचारते, की यात पुसण्यासारखं काय आहे, चिडण्यासारखं आहे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हा प्रश्न उद्धट वाटतो. आम्हाला तो नाटकाला मिळालेला नवा श्वास वाटतो. दारू संपली नाही, मार संपला नाही, खोटं बोलून नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका तर हॉस्पिटलात रोज भेटतील. सिंधूची आरती करणारा प्रयोग आता खरोखर पुरे. पण सिंधूकडे पाहून प्रेक्षकाला अस्वस्थ करणारा प्रयोग अजून पुरेसा झालेला नाही.

'मग जागा नव्यांना कधी?' हा आक्षेप आम्ही टाळत नाही. शनिवार-रविवारच्या तारखा थोड्या, नाट्यगृहाचं भाडं चढं, नव्या लेखकाची अडचण खरी आहे. परंतु बाजू दोन आहेत. गाणारा नट हा पुस्तकातून घडत नाही. पद कुठे उचलायचं, ऑर्गनवाल्याकडे न पाहता त्याला सोबत कसं घ्यायचं, गाता गाता समोरच्या पात्राशी बोलत कसं राहायचं, हे प्रयोगात उभं राहूनच येतं. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब ज्यांनी पाहिला त्यांना वाटलं, आता हे पुन्हा होणे नाही. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे त्या भूमिकेत उभे राहिले, २०१५ मध्ये चित्रपट आला, आणि नाट्यपद कधी न ऐकलेली मुलं ती पदं गुणगुणू लागली. हे घडलं, कारण मधल्या काळात विद्या कुणीतरी सांभाळली होती. एका पिढीनं खंड पाडला की पुढची पिढी इच्छा असूनही जोडू शकत नाही. ग्रंथ कपाटात शंभर वर्षं थांबतो. गायकी थांबत नाही.

राहता राहिली भक्तीची बाजू. बालगंधर्वांवर महाराष्ट्रानं अपार प्रेम केलं. पण त्या प्रेमापोटीच पन्नाशी ओलांडली तरी त्यांना शालू नेसून नायिका व्हायला लावलं, तेही हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर येऊन गेल्यानंतर. कलावंताला आणि कलाकृतीला वय वाढू न देणं ही भक्तीची क्रूर बाजू आहे. नाटकांचंही आपण तेच करतो. 'जसं होतं तसंच' असा हट्ट धरतो, आणि मग ती म्हातारी दिसली की कंटाळा आला म्हणतो.

देहू इथून हाकेच्या अंतरावर आहे. तुकोबांचा अभंग साडेतीनशे वर्षं कीर्तनात उभा आहे आणि तो फार दिवस राहिला अशी तक्रार कुणी करत नाही. कारण कीर्तनकार अभंग तोच घेतो, निरूपण मात्र समोर बसलेल्या माणसाचं करतो. निरूपण शिळं असेल तर श्रोते डुलक्या घेतात, आणि दोष अभंगाला देत नाहीत, बुवाला देतात. नाट्यरसिकांनी एवढा विवेक शिकावा. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'हे नाटक आता उतरवा', तर त्याला विचारा, बाबा, नाटक उतरवू की हा प्रयोग? पुष्कळदा उत्तर दुसरं येईल.

वेळ झाली. लोकलनं परतणारे आहेत, आणि लांबलेल्या कार्यक्रमावर बोलताना आम्हीच लांबणं शोभणार नाही. थांबतो.