छापील क्षमता आणि दिसणारी क्षमता : जुळणी केलेल्या संगणकातील साठवण-मर्यादांचा इतिहास

प्रस्तावना

सुटे भाग आणून जुळणी केलेल्या संगणकात नवी हार्ड डिस्क बसवली आणि ती छापील क्षमतेपेक्षा कमी भरली, तर पहिला संशय डिस्कवर जातो. माल बनावट निघाला, डिस्क खराब आली, दुकानदाराने फसवले, अशी कारणे पुढे येतात; काही वेळा ती खरीही असतात. परंतु पडद्यावर दिसणारा आकडा ५०४ एमबी, ३१.५ जीबी, १२८ जीबी किंवा ७४६ जीबी असेल, तर डिस्कला दोष देण्यापूर्वी थांबले पाहिजे. नाण्यावरील ठशावरून जशी टांकसाळ आणि काळ ओळखता येतो, तसा या प्रत्येक आकड्यावरून तो कोणत्या काळी घेतलेल्या कोणत्या निर्णयातून आला हे ओळखता येते. प्रस्तुत लेखात या आकड्यांचा मागोवा घेतला असून, जुळणी केलेल्या संगणकातील दोषनिदान हा बऱ्याच अंशी इतिहासाचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन केले आहे.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मानतात, तर विंडोज प्रणाली १,०७,३७,४१,८२४ बाइट मानते. त्यामुळे ८० जीबीची डिस्क ७४.५ जीबी दिसते. ही तफावत केवळ मोजमापाची आहे. पुढील विवेचन प्रत्यक्ष हरवणाऱ्या क्षमतेविषयी आहे.

खुली रचना

आय.बी.एम. कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्याची तांत्रिक पुस्तिकाही उपलब्ध करून दिली. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम राहणाऱ्या ‘बायोस’ या आज्ञासंचाची संपूर्ण प्रत तीत छापलेली होती. बायोसवर कंपनीचा स्वामित्वहक्क होता. पण तो कसा वागतो हे सर्वांना ठाऊक झाले. कॉम्पॅकने १९८२ मध्ये जाहीर केलेल्या संगणकासाठी स्वतःचा सुसंगत बायोस तयार केला आणि १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असा बायोस इतर उत्पादकांना विकू लागली. येथून पुढे मदरबोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, प्रणाली तिसऱ्याची आणि जुळणी चौथ्याची, ही व्यवस्था रूढ झाली. मुंबईतील लॅमिंग्टन रोडची, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची, सुट्या भागांची बाजारपेठ याच व्यवस्थेवर उभी राहिली. महाविद्यालयांना परवडणाऱ्या दरात प्रयोगशाळा उभारता आल्या त्यामागेही हीच व्यवस्था होती.

या स्वस्ताईची किंमत होती. प्रत्येक उत्पादक आय.बी.एम.च्या मूळ यंत्राशी सुसंगत राहण्याची काळजी घेत होता. परंतु सर्व भाग परस्परांशी जुळतात की नाही, याची जबाबदारी कोणा एकावर नव्हती.

दोन मर्यादांचा छेद

१९८१ च्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. ८ मार्च १९८३ रोजी आलेल्या एक्स.टी. संगणकात १० एमबीची डिस्क होती. तिच्यात ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि प्रत्येक मार्गिकेवर १७ सेक्टर होते. डिस्कवरील जागेचा पत्ता या तीन आकड्यांत सांगण्याची पद्धत बायोसने ठरवली. सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट राखले गेले. सेक्टर ५१२ बाइटचा धरल्यास या पत्त्यांची कमाल पोहोच ८,४५,५७,१६,८६४ बाइट, म्हणजे सुमारे ८.४ जीबी होते. हातातील डिस्कच्या सुमारे आठशेपट मोठी मर्यादा आखणाऱ्यांना अदूरदर्शी म्हणणे अन्यायाचे होईल.

१९८६ मध्ये कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आदींच्या प्रयत्नांतून आय.डी.ई. ही डिस्क-जोडणी आली. पुढे तीच ए.टी.ए. म्हणून प्रमाणित झाली. तिने त्याच तीन आकड्यांसाठी वेगळी विभागणी स्वीकारली : सिलिंडरला १६ बिट, हेडला ४, सेक्टरला ८. स्वतंत्रपणे पाहता तिची मर्यादा सुमारे १३७ जीबी होती. दोन्ही रचना आपापल्या जागी प्रशस्त होत्या. पण पत्ता दोन्हींमधून जात असल्यामुळे प्रत्येक घटकात जी संख्या लहान, तीच लागू झाली : १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजेच ५०४ एमबी. एका भागाची पोहोच ८.४ जीबी, दुसऱ्याची १३७ जीबी आणि जोडीची मात्र अर्धा जीबी! सुसंगततेच्या समस्येचे इतके शुद्ध उदाहरण क्वचितच सापडेल. दोन निर्दोष भागांच्या संयोगातून दोष निर्माण झाला. असा दोष कोणताही एक भाग वेगळा काढून तपासल्यास सापडत नाही.

संमत कल्पित

१९९० च्या दशकाच्या मध्यास यावर जो उपाय निघाला तो इतिहासाच्या अभ्यासकाला मोठा मनोरंजक वाटेल. बायोस प्रणालीला डिस्कमध्ये २५५ हेड असल्याचे सांगू लागला आणि आतल्या आत त्या पत्त्याचे डिस्कला समजेल असे रूपांतर करू लागला. एवढी हेड असलेली डिस्क या संगणकांत कधीच नव्हती. डिस्क स्वतः जी १६ हेड सांगत असे, तीही बहुधा काल्पनिकच असत. मूळ करार न मोडता वाढ साधायची, तर सर्वांना मान्य असे एक कल्पित आवश्यक होते.

अडचण येई ती दोन यंत्रे वेगवेगळे कल्पित मानू लागली की. बायोसच्या मांडणीत ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एल.बी.ए.’ असे पर्याय असत. एका पर्यायाखाली भरलेली डिस्क दुसऱ्या पर्यायाखाली वाचली, तर पत्ते चुकत आणि डिस्क रिकामी किंवा बिघडलेली भासे. उन्हाळी सुटीत मदरबोर्डवरील बॅटरी उतरली की निवडलेला पर्यायही पुसला जाई आणि जूनमध्ये यंत्र सुरूच होत नसे. अशा वेळी ‘फॉरमॅट मारा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला, माझ्या मते, या सर्व कालखंडातील सर्वांत हानिकारक सल्ला होय. माहिती जागच्या जागी सुरक्षित असे. पर्याय पूर्ववत केला की ती परत दिसे. फॉरमॅट केल्यावर मात्र ती खरोखरच गमावण्याची वेळ येई.

८.४ जीबीची भिंत बायोसमधील विस्तारित आज्ञांनी ओलांडली गेली. १९९९ च्या सुमारास अवॉर्ड बायोसच्या काही आवृत्त्या ६५,५३५ हून अधिक सिलिंडरांचा हिशेब करताना अडखळू लागल्या, ३३.८ जीबीहून, म्हणजे विंडोजच्या मापाने ३१.५ जीबीहून, मोठी डिस्क जोडताच यंत्र तिच्या ओळखीपाशी थबके. त्यावर उत्पादकांनी डिस्कवर एक जंपर दिला. तो लावला की डिस्क आपली क्षमता मुद्दाम कमी सांगे. जुना जंपर तसाच राहिलेली डिस्क पुढे नव्या यंत्रात गेली, तर तेथेही ती तेवढीच दिसे. डिस्कच्या पाठीवरील आकृती वाचली की हे कोडे मिनिटभरात सुटते.

१३७ जीबीची मूक मर्यादा

आतापर्यंतच्या मर्यादा बहुतेक वेळा तत्काळ लक्षात येत. डिस्क कमी दिसे किंवा यंत्र अडे. १३७ जीबीची मर्यादा मात्र फसवी होती. ए.टी.ए.चा पत्ता एकूण २८ बिटांचा असल्याने त्यात २६,८४,३५,४५६ सेक्टर, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट मावत. विंडोजच्या मापाने बरोबर १२८ जीबी. २००१ मध्ये मॅक्स्टरने १६० जीबीची डिस्क आणली आणि ४८ बिटांचा पत्ता ए.टी.ए.च्या सहाव्या आवृत्तीत २००२ मध्ये प्रमाणित झाला. परंतु ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज एक्स.पी.च्या मूळ आवृत्तीत हा पत्ता कार्यान्वित नव्हता. तो सप्टेंबर २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने आला.

या अकरा महिन्यांच्या अंतराचा उपद्रव पुढे कितीतरी वर्षे होत राहिला, कारण मूळ आवृत्तीच्या सीडी वापरात राहिल्या. सुधारित प्रणालीवर १६० जीबीचा एकच विभाग करून वापरलेल्या डिस्कवर काही कारणाने जुन्या सीडीने प्रणाली पुन्हा भरली, की विभागाच्या कोष्टकात १६० जीबी नोंदलेले असत आणि प्रणालीची पोहोच मात्र १३७ पर्यंतच असे. मर्यादेपलीकडचा पत्ता २८ बिटांत कापला गेला, तर त्याचे वरचे अंक गळून पडतात आणि लेखन डिस्कच्या आरंभी होते. विभागांचे कोष्टक आणि फाइलींच्या नोंदी यांपैकी बरेच काही तेथेच असते. डिस्क निम्मी भरेपर्यंत काहीही विपरीत घडत नाही. काही महिन्यांनी, निकालपत्रे वा प्रबंधांची प्रकरणे साठत साठत मर्यादा ओलांडली जाते आणि सर्व फाइली एकाएकी दिसेनाशा होतात. त्या दिवशी केलेल्या कोणत्याही कृतीशी कारणाचा संबंध नसल्याने दोष विषाणूवर किंवा विजेवर ढकलला जाई.

नंतरचा काळ

पुढची भिंत विभाग-कोष्टकाची होती. १९८३ च्या डॉस २.० पासून चालत आलेल्या या कोष्टकात सेक्टर-क्रमांकासाठी ३२ बिट आहेत. त्यामुळे मर्यादा २.२ टीबी होते. २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क आल्या, तेव्हा अनेक जुन्या यंत्रांत त्या ७४६ जीबी दिसू लागल्या. ३ टीबीतून २.२ टीबी वजा जाता उरणारे सुमारे ८०० अब्ज बाइट म्हणजेच हे ७४६ जीबी. १३७ जीबीच्या वेळी जे घडले तेच येथे पुन्हा घडले, फक्त बिटांची संख्या बदलली. जी.पी.टी. कोष्टकातील ६४ बिटांच्या पत्त्याने हा प्रश्न सुटला. मात्र अशा डिस्कवरून विंडोज सुरू करण्यास जुना बायोस चालत नाही, यू.ई.एफ.आय. लागतो.

क्षमतेची अडचण आता फारशी उरलेली नाही. अडचण खाचेची आहे. एम.२ प्रकारच्या साटा आणि एन.व्ही.एम.ई. या दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या खाचेत बसू शकतात. दोहोंची संदेशवहनाची पद्धत भिन्न असून प्रत्येक खाच दोन्ही पद्धती जाणतेच असे नाही. अनेक मदरबोर्डांवर अशा खाचेत साटा डिस्क बसवताच नेहमीच्या साटा जोडण्यांपैकी एक आपोआप बंद होते. नवी डिस्क उत्तम चालते आणि तिच्याशी काहीही संबंध नसलेली जुनी डिस्क नाहीशी होते. कोणती जोडणी बंद होणार, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बहुधा एखाद्या कोष्टकाखाली बारीक अक्षरांत छापलेले असते.