स्टेशनाबाहेरची सायकल

सिमरोलला रेल्वे नाही आणि कधी नव्हती. इंदूरहून खंडव्याला निघालेली सडक गावातून जाते, पुढे घाट उतरून बडवाह आणि मोरटक्का गाठते. रुळांनी मात्र महूची वाट धरली. वाचकहो, या रेल्वेचा इतिहास आपल्या मंडळींना पाठ आहे. दुसरे तुकोजीराव होळकर, त्यांनी इंग्रज सरकारला दिलेले एक कोटी रुपयांचे कर्ज, साडेचार टक्के व्याज, १०१ वर्षांची मुदत. १८७६ साली मोरटक्क्याला नर्मदेवर पूल झाला आणि १८७८ पर्यंत खंडव्यापासून इंदूरपर्यंत मीटरगेज गाडी धावू लागली. महूला १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर छावणी पडलेली होती, रूळ तिच्या दारावरून गेले. सिमरोल बाजूला राहिले. पूल, कर्ज आणि महाराज यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्यातली एक लहानशी गोष्ट सांगायची आहे: गाडी पकडायला आलेला माणूस आपली सायकल कुठे ठेवत असे, आणि ती जागा कशी गेली.

सायकल आपल्याकडे आली ती थोरामोठ्यांची हौस म्हणून. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईत शिकवत असत. तिथून ते सायकली घेऊन पाठवत, आणि बेळगावात रामुअण्णा त्या विकत, शिवाय घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. शिकवणीची फी वेगळी. पुढे कारकून, मास्तर आणि गिरणी कामगार यांच्या हाती सायकल गेली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर, जेव्हा सोनीपतला ॲटलास (१९५१), लुधियान्याला हीरो (१९५६), अंबत्तूरला टीआय आणि आसनसोलला सेन-रॅले हे कारखाने चालू लागले. इंदुरात हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल अशा गिरण्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. ते ज्यांनी पाहिले त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते सांगून कळणार नाही.

इंदूरचे स्टेशन दोन शहरांच्या मध्ये आहे. रुळांच्या एका अंगाला होळकरांचे शहर, राजवाडा, सियागंज. दुसऱ्या अंगाला रेसिडेन्सी आणि छावणी. गांधी हॉलकडून रीगलकडे जायचे तर शास्त्री पूल चढावा लागतो, आणि सायकलवाल्याला त्या चढाची उंची पायांनी कळते. जवळच सरवटे बस स्टँड, म्हणजे संविधान सभेचे सदस्य आणि आपले मराठी लेखक तात्यासाहेब सरवटे यांच्या नावाचा. एका हाकेच्या अंतरात रेल्वे आणि बस. अशा ठिकाणी सायकलला जागा असणे ही त्या काळी सवलत नव्हती. तिकीटखिडकी असावी तसा सायकल स्टँड असे.

माझा स्वतःचा स्टँड मात्र महूचा. कॉलेजच्या वर्षांत मी सिमरोलहून पहाटे सायकलने महूला जात असे, सव्वा तासाची वाट, थंडीत हात बधिर. सायकल स्टँडवर लावायची, मीटरगेजने इंदूर, संध्याकाळी उलट. स्टँड म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि बांबूंच्या दोन आडव्या रांगा. चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही चाचा म्हणत असू. ते पितळेचे दोन बिल्ले काढत, एक हँडलला अडकवत, एक आपल्या हाती देत. महिन्याचे पैसे देणाऱ्याला बिल्ला लागत नसे, चेहरा पुरे. गाडी उशिरा आली तरी चाचा कंदील लावून बसलेले असत, कारण शेवटची सायकल गेल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नसे. पंक्चर असेल तर सकाळी सांगायचे, संध्याकाळी काढलेले मिळे. दिवे नसलेल्याला ते दटावत. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी माझी सायकल मुद्दाम रांगेच्या टोकाला ठेवलेली मला आठवते, म्हणजे परतताना इतरांच्या सायकली हलवाव्या लागू नयेत. एवढ्या व्यवस्थेला चहाच्या कपापेक्षा कमी पैसे पडत.

दूधवाल्यांची व्यवस्था आणखी सरळ होती. त्यांच्या बरण्या मीटरगेजच्या खिडक्यांच्या गजांना बाहेरून लटकत, आणि क्वचित सायकलही तशीच लटकलेली दिसे. नियमाने हे चालणारे नव्हतेच. नियमाप्रमाणे सायकल ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावी लागते. प्रवाशाला जे सामान फुकट नेता येते त्यात सायकल धरत नाहीत. म्हणजे वीस किलोमीटरच्या प्रवासासाठी पार्सल कचेरीत पावती, चिठ्ठी आणि हमाल. त्यामुळे रोजच्या प्रवाशाला सायकल गाडीत नेणे कधीच जमले नाही. त्याचा सगळा भरवसा स्टँडवर होता, आणि म्हणूनच स्टँड गेला तेव्हा त्याचा रस्ताच तुटला.

तो कसा गेला? सायकलींना मनाई करणारा कोणताही हुकूम निघाला नाही. माझ्या मते हे काम बेरीज-वजाबाकीने केले. स्टेशनाबाहेरची वाहने ठेवण्याची जागा निविदा काढून ठेक्याने दिली जाते. ठेकेदार रेल्वेला वर्षाची ठरलेली रक्कम देतो आणि ती त्याच जागेतून वसूल करतो. आता पाहा, एका मोटारसायकलच्या जागेत फार तर दोन सायकली मावतात. सायकलचा दर सर्वांत कमी, आणि सायकलवाला बहुधा महिन्याचा गिऱ्हाईक, म्हणजे त्याहूनही कमी. ठेक्याची रक्कम दर खेपेला वाढत गेली की ठेकेदार कोणाला आधी आत घेणार? सायकल प्रथम भिंतीकडे सरकते, मग उन्हात, मग फाटकाबाहेर. फलकावर तिचा दर छापलेला राहतो. एका मोठ्या स्टेशनाबाहेर मला हा अनुभव आला: फलकावर सायकल होती, आत जागा नव्हती, आणि पावती फाडणारा मुलगा म्हणाला, "बाबूजी, ही तर कोणी ठेवतच नाही." मी ठेवायला आलो होतो, तरीही.

"आता सायकल चालवतो कोण?" हा प्रश्न आपल्या बैठकीच्या खोल्यांतून हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या १०० पैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती, आणि स्कूटर-मोटारसायकल २१ कुटुंबांकडे. आपल्या ओळखीच्या घरांत सायकल राहिली नाही, एवढेच खरे. दवाखान्यात बसणाऱ्याला ते रोज दिसते: गवंड्याच्या हाताखालचा, शेतावरचा, रखवालदार, हे सायकलवर येतात. आणि गंमत म्हणजे २००९ साली स्थापन झालेली इंदूरची आयआयटी आता सिमरोललाच आहे. तिथली मुले पुन्हा सायकलवर दिसतात. मजूर आणि इंजिनियर यांचे वाहन एक असल्याचे मी माझ्या गावात पहिल्यांदाच पाहतो आहे. आमचे साधू-साध्वी मात्र चातुर्मास संपला की याच खंडवा रोडने पायी विहार करतात. ट्रक अंगावरून जातात, आणि त्यांनाही कडेला हक्काची जागा नाही.

तीच बेरीज-वजाबाकी दुसरीकडे दुसऱ्या रीतीने मांडली गेली. हॉलंडमध्ये उट्रेख्ट स्टेशनाच्या खाली २०१९ साली १२,५०० सायकलींची जागा पूर्ण झाली. सायकलवर बसूनच आत जायचे, रांगेत लावायची, जिना चढला की फलाट. पहिले २४ तास पैसे पडत नाहीत. तिथे सायकल लावणारा म्हणजे गाडीचे तिकीट काढणारा गिऱ्हाईक, असा हिशेब आहे. आमच्या चाचांचा हिशेब यापेक्षा फार वेगळा नव्हता.

इंदूर स्टेशन नव्याने उभारायच्या योजना आहेत, आणि उज्जैनचा २०२८ चा सिंहस्थ जवळ आला आहे. नकाशात मोटारींना किती मजले, हे विचारणारे पुष्कळ भेटतील. सायकलच्या रांगा नकाशावर कुठे काढल्या आहेत, हे आपल्यापैकी कोणी विचारले तर उत्तर द्यावे लागेल, कारण आपली घरे या शहरात चार-पाच पिढ्यांची आहेत आणि आपले पत्र कचेरीत वाचले जाते.

महूकडून सनावदला जाणारी मीटरगेज ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. सिमरोलचे लोक आता बसने इंदूरला जाऊन गाडी पकडतात. सकाळी सातच्या सुमाराला माझ्या दवाखान्याच्या भिंतीला तीन-चार सायकली टेकलेल्या असतात. मालक बसने गेलेले असतात, किल्ल्या माझ्या मेजाच्या खणात. बिल्ले मी अजून केलेले नाहीत. चेहरे ओळखीचे आहेत.